आधी खोट सांगायची

"कागद कुणी सोलायचा नाही. आधी ऐका. मग खोट सांगा. मग काय ती तारीफ करा," हसनचाचा म्हणाले आणि त्यांनी कॅसेट डेकमध्ये सरकवली.

हे वाक्य ते दर रविवारी म्हणत. आम्हाला ते इतकं पाठ झालं होतं की त्यांच्या पाठीमागे आम्ही त्याची नक्कल करायचो. त्या रविवारी मात्र मला नक्कल सुचली नाही, कारण लेबलावर कोरा कागद चिकटवलेल्या त्या कॅसेटमध्ये मी होतो.

१९९३ सालचा फेब्रुवारी. रत्नागिरीत राजिवड्याला हसनचाचांच्या माडीवर आम्ही चौघं बसलो होतो. चाचा बत्तीस वर्षं बोटीवर होते, त्यातली शेवटची बारा सारंग म्हणून, म्हणजे खलाशांचे मुकादम. बाकीचे खलाशी परदेशातून सेंटच्या बाटल्या आणि घड्याळं आणत. चाचांनी रेकॉर्डी आणल्या, आणि त्याही सगळ्या रेगेच्या, म्हणजे जमैकाकडच्या गाण्यांच्या. जमैका बेटाच्या बंदरात त्यांची बोट एकदा सतरा दिवस अडकून पडली होती. तिथे लोक भर रस्त्यात कपाटाएवढे स्पीकर लावून नाचत होते, आणि चाचांच्या म्हणण्याप्रमाणे ते गाणं कानात न शिरता थेट बरगड्यांत शिरलं. चाची म्हणायची, "मला वाटायचं, हा माणूस एखाद दिवशी सवत घेऊन येणार. त्यापेक्षा ह्या तबकड्या परवडल्या."

त्याच बंदरात त्यांनी एक गंमत पाहिली होती. आपल्याकडची चांगली रेकॉर्ड कोणाची हे दुसऱ्या स्पीकरवाल्याला कळू नये म्हणून तिथले लोक तिचं लेबल पाण्यात भिजवून खरवडून टाकत. चाचांनी ती युक्ती उचलली, पण भलत्याच कामासाठी. नाव ऐकून माना डोलावणाऱ्यांचा त्यांना भारी तिटकारा. म्हणून आमच्या बैठकीचा नियम असा, की आणलेल्या गाण्याचं नाव झाकायचं, एक बाजू न बोलता पुरी ऐकायची आणि मग प्रत्येकाने आधी एक तरी खोट काढायची. खोट न काढता तारीफ करणाऱ्याला शिक्षा होती. पुढच्या रविवारी त्याने नुसता चहा करायचा, तोंड उघडायचं नाही.

या नियमात आम्ही कुणाची गय केली नव्हती. एकदा विश्रामने झाकून आणलेली कॅसेट ऐकून जोगळेकर सर म्हणाले, "हॉटेलात जेवणाऱ्या लोकांपुढे वाजवणारी मंडळी दिसतात." कागद काढला तर मार्ली, रेगेचा साक्षात देव! सर लालबुंद झाले, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. "मार्ली असला म्हणून काय झालं? त्या दिवशी त्याचं लक्ष नव्हतं," म्हणाले. चाचा खूश होऊन त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले होते. मला ही बैठक आवडायची ती यासाठी. कचेरीत, घरात, देवळात, सगळीकडे माणसं एकमेकांना बरं वाटेल असं बोलत. या एका माडीवर तसं चालत नसे.

सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. आम्हा सगळ्यांत शिकलेले तेच, त्यामुळे भांडायचेही तेच जास्त. विश्राम कीर माझा पहिलीपासूनचा दोस्त. राम आळीत त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आणि मी जयवंत मयेकर, तहसील कचेरीत कनिष्ठ कारकून, सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवणारा. ऑर्केस्ट्रात बासवाला म्हणजे पंगतीतलं मीठ. नसला तरच त्याची आठवण होते.

त्या दिवशीही सकाळी नेहमीची लढाई झालीच.

"स्टील पल्सइतकं नेटकं वाजवणारा दुसरा बँड मला दाखवा," सर म्हणाले.

"नेटकं म्हणजे काय सर? इस्त्री केलेलं?" चाचा म्हणाले. "ती इंग्लंडातली पोरं. थंडीत वाजवतात. घाम कुठे आहे त्यात?"

"त्यांच्या बापांनी बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत गाळला तो घाम नव्हे?"

"तो बापांचा. बँड पोरांचा आहे. तुम्ही कल्चर ऐका. तीन माणसं, तीन गळे. बाकी सगळा पसारा."

"मला आपलं थर्ड वर्ल्ड बरं वाटतं. गोड आहे," विश्राम म्हणाला.

"तुझ्या वरातीला लावू," मी म्हटलं. "ब्लॅक उहुरूचा ड्रम आणि बास एकदा कानात गेला ना, की मग हे सगळं गोडधोड वाटायला लागतं."

"तू बासवाला. न्हाव्याला रस्त्यात माणसं दिसत नाहीत, डोकी दिसतात," चाचा म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो, पण माझं लक्ष माझ्या शर्टाच्या खिशाकडे होतं. कॅसेट तिथे होती.

आता तिच्याबद्दल सांगायला हवं. डिसेंबरात कुडाळला आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. तिथे कळंगुटच्या एका बँडचा म्होरक्या आला होता, आग्नेल नावाचा. कार्यक्रम संपल्यावर मला म्हणाला, "तू बरा वाजवतोस. एक मार्चला ये माझ्याकडे. पण तुझं स्वतःचं काहीतरी घेऊन ये. नुसते साथीला बसणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत." मी महिनाभर झोपलो नाही म्हटलं तरी चालेल. माझे वडील त्याच कचेरीत शिपाई म्हणून आयुष्य काढून निवृत्त झाले होते आणि मुलगा तिथे खुर्चीवर बसतो याचं त्यांना एवढं अप्रूप होतं की सकाळी माझा डबा तेच भरायचे. त्यांना काय सांगायचं? आणि सांगायचं तर आधी मला स्वतःला खात्री हवी ना, की माझ्यात काही आहे म्हणून.

ही खात्री कोण देणार? ऑर्केस्ट्रातल्यांना सिनेमाची गाणी कळत. घरच्यांना त्यातलंही काही कळत नसे. रेगे कळणारी माणसं उभ्या रत्नागिरीत माझ्याखेरीज तीन, आणि ती तिन्ही या माडीवर. मग मी ठरवलं. तीन गाणी करायची, बिनशब्दांची, म्हणजे आवाजावरून कुणी ओळखणार नाही. ती कागद लावून बैठकीत ठेवायची. चाचांनी आणि सरांनी नेहमीसारखी सोलून काढली, तर गप्प बसून आयुष्यभर सातबारा लिहायचे. आणि ती टिकली, तर राजीनामा द्यायचा. आज कुणी म्हणेल, दोन-तीन माणसांच्या मतावर कोण आयुष्य ठरवतं? मी ठरवणार होतो. त्या वयात मला त्या माडीइतकी खरी जागा दुसरी ठाऊक नव्हती.

रेकॉर्डिंग विश्रामच्या दुकानात झालं, सलग चार सोमवार, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, माझी कचेरी सुटल्यावर. आधी एका डेकवर ताल भरायचा, तो वाजवत त्यावर मी बास धरायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या डेकवर घ्यायचं, मग त्यावर ऑर्गन, तोही माझाच. विश्राम कानाला हेडफोन लावून डेकवरच्या, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या सुया बघत बसायचा. जुगाड त्याचा, म्हणून हे गुपित त्याला ठाऊक. बाकी कुणाला नाही. त्याला मी ग्रामदैवत भैरीची शपथ घातली होती.

"कुणाला बोललास तर तोंड बघणार नाही तुझं," मी म्हटलं होतं.

"अरे, मी कशाला बोलेन? मला काय वेड लागलंय?" तो म्हणाला होता.

तर अशी ती कॅसेट डेकमध्ये गेली. पहिल्या दहा सेकंदांत मला माझ्या तीन चुका ऐकू आल्या. तालाच्या खाली खरखर होती, इकडून तिकडे भरताना साचलेली. मी खिडकीतून खाडीकडे बघत बसलो. चाचांचे डोळे मिटलेले होते, नेहमीसारखे. सर खांबाला टेकून पायाचा अंगठा हलवत होते. विश्राम चटईची काडी सोलत होता. एकोणीस मिनिटं कुणी बोललं नाही. खाली चाची वाटण वाटत होती, पाट्याचा आवाज मध्येच यायचा आणि मला तिचा राग यायचा.

बाजू संपली. खट्ट झालं.

"हं. खोट," चाचा म्हणाले. नियमाप्रमाणे वयाने मोठा असेल त्याने आधी बोलायचं. त्यांनी दाढी खाजवली. "खोट एकच. लवकर संपलं."

मी खिडकीकडून तोंड वळवलं.

"सर?"

"खरखर आहे," सर म्हणाले. मला वाटलं, आता झोडपणार. कारण खरखर या माणसाला सहन होत नसे. त्यापायी त्यांनी चाचांच्या अर्ध्या रेकॉर्डी निकालात काढल्या होत्या. पण ते म्हणाले, "पण ती त्या काळाची खरखर आहे. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर, जमैका, किंग्स्टन. खोट नाही म्हणणार मी तिला. पुरावा म्हणेन."

"विश्राम?"

"मला काय खोट सापडली नाय. करतो मी पुढच्या रविवारी चहा."

"नको, आज शिक्षा नाही कुणाला," चाचा म्हणाले. "बास बघ कसा आहे. पोटात भूक असलेल्या माणसाने वाजवलेला. कोण आहे हा? काढ रे जयवंत, कागद काढ."

मी उठलो. कॅसेट डेकमधून बाहेर घेतली. कागद काढला तर खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.

"मी आहे," मी म्हटलं. "मी वाजवलंय हे. मी आणि विश्रामने केलंय."

चाचा उठले आणि त्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या कुडत्याला अत्तराचा वास होता. सरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "अभिनंदन मयेकर! मला वाटलंच होतं की..." आणि थांबले.

"काय वाटलं होतं सर?"

"हेच की, काहीतरी वेगळं आहे म्हणून."

मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण आनंद झालेल्या माणसासारखा बहिरा दुसरा कोणी नसतो. मी त्यांना आग्नेलचं सांगितलं, नोकरीचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं. म्हटलं, "तुम्ही तिघं सांगाल तसं करतो. जाऊ?"

चाचांनी विश्रामकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "जा," ते म्हणाले. "बंदरात बांधलेली होडी कुजते." सरांनी मान हलवली. चाचीने वर सांदणं आणली आणि मी सात खाल्ली.

सोमवारी साडेदहाला मी राजीनामा लिहिला आणि अव्वल कारकून भाटकर भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि कागद खणात टाकला.

"आठ दिवस इथे राहील," ते म्हणाले. "तेवढ्यात डोकं ठिकाणावर आलं तर येऊन माग. त्यानंतर साहेबांपुढे जाईल, मग माझ्या हातात काही नाही."

"मागणार नाही, भाऊसाहेब."

"बापाला सांगितलंस?"

घरी त्याच संध्याकाळी सांगितलं. आईने माझ्याशी बोलणं टाकलं. वडील जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "कुणाला विचारलंस?" मी म्हटलं, "ज्यांना कळतं त्यांना विचारलं." ते म्हणाले, "मग ठीक आहे," आणि ताक पिऊन उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डबा भरला नाही. मीच भरून घेतला.

शनिवारी दुपारी मी राजिवड्याला गेलो. चाचांच्या चार रेकॉर्डी माझ्याकडे होत्या, त्या परत करायच्या होत्या आणि निरोपही घ्यायचा होता. चाचा जेट्टीवर गेले होते. चाची खालच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"ये रे, बस. जाणार म्हणे तू? जा. नाव काढ. मी आधीच ह्यांना म्हटलं होतं, पोरगं एवढी मेहनत घेऊन करतंय, तर उगाच खोट काढत बसू नका."

"आधीच म्हणजे? कधी?" मी विचारलं.

"विश्राम आलेला ना, तेव्हा. सरांनाही बरोबर आणलंन. त्यानंच सांगितलंन सगळं. उद्या जयाची कॅसेट येणार, त्याचं मन फार हळवं झालंय, जरा सांभाळून बोला म्हणून. भला पोरगा आहे हो. मित्राची काळजी किती!"

"म्हणजे आदल्या दिवशी."

"शनिवारी. असाच, दुपारचा. चहा टाकू?"

ती खडे वेचून बाजूला टाकत होती. एक, दोन. मला आठवतंय, तिच्या सुपातले तांदूळ लालसर होते आणि मी त्यांच्याकडे बघत उभा होतो. मला आधी काहीच वाटलं नाही. मग सगळं एकदम मागे फिरलं. लवकर संपलं म्हणे. पुरावा म्हणे. भुकेल्या माणसाचा बास म्हणे! तिघं तोंडपाठ करून आले होते आणि मी मधोमध बसून सांदणं खाल्ली होती.

चाचा आले तेव्हा मी पायरीवर बसलो होतो. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. त्यांनी आत चाचीकडे पाहिलं, हातातली पिशवी खाली ठेवली आणि माझ्या शेजारी बसले.

"नियम कुणी केला होता, चाचा?" मी विचारलं.

"मी."

"मार्लीलासुद्धा सोडलं नव्हतंत तुम्ही."

"मार्ली माझ्या पायरीवर येऊन बसत नाही, बाबा. तो माझ्या घरचं खात नाही." त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली. "नियम गाण्यासाठी होता. तू गाणं आहेस का?"

"मी त्या दिवशी गाणंच होतो. तेवढ्यासाठी तर कागद लावला होता."

त्यांनी खाडीकडे तोंड फिरवलं. मी म्हटलं, "बरं, झालं ते झालं. आता खरं सांगा. चांगलं होतं की वाईट? वाईट असलं तरी चालेल. तुमची शपथ, मला राग येणार नाही."

"खरं सांगू?"

"हो."

"ऐकलंच नाही." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "डोळे मिटून बसलो होतो, पण मध्ये मध्ये किलकिले करून तुझ्या तोंडाकडे बघत होतो. काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत होतो. बास कसा होता, मला आठवतसुद्धा नाही."

"मग आता ऐका. आत्ता."

"आता मला तूच ऐकू येणार. मेलेल्या पोराचा फोटो बापाला दाखवून, दिसायला कसा होता विचारतोस?" असं ते म्हणाले आणि लगेच कान धरले. "चुकलं. तोंडातून अभद्र गेलं. माफ कर."

मी त्यांचा हात गुडघ्यावरून काढला. त्यांच्याशी मी पुढे कधी उद्धट बोललो नाही, पण त्या दिवशी एवढं मात्र केलं. रेकॉर्डी पायरीवर ठेवल्या आणि राम आळी गाठली.

विश्राम एका टीव्हीची पाठ उघडून बसला होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मला बघून तो हसला, मग हसू तसंच राहिलं.

"शनिवारी राजिवड्याला गेला होतास," मी म्हटलं.

"कुणी सांगितलंन?"

"भैरीची शपथ घेतली होतीस मेल्या!"

"हळू बोल रे. शेजारी ऐकतात." त्याने पक्कड खाली ठेवली. "जया, तुझी हालत मी बघत होतो. जेवत नव्हतास. सर एका वाक्यात माणसाची साल काढतात. तुझी काढली असती तर तू परत त्या गिटारला हात लावला असतास का? सांग. मला वाटलं, एकदा तू इथून सुटलास की वाजवशील, शिकशील. इथे राहून काय होणार आहे? मी बघ, लोकांचे टीव्ही उघडतोय. निदान आपल्यातला एक तरी जाईल."

"मी तुला जायला लावायला सांगितलं नव्हतं. मला खरं काय ते कळायला हवं होतं."

"खरं काय असतं त्यात? कुणाला आवडतं, कुणाला नाय."

"मग रविवारी आपण काय झक मारत होतो चार वर्षं?"

त्याने टीव्हीचा एक स्क्रू काढून वाटीत टाकला. मग म्हणाला, "असं करू. दुसऱ्या कुणाला ऐकवू. नाव न सांगता. त्यात काय आहे?"

"कुणाला?"

त्याने तोंड उघडलं आणि विचार करायला लागला. खरंच विचार करायला लागला. तेव्हा मला पहिल्यांदा रडू यायला लागलं.

"कुणाला ऐकवू, विश्राम? रत्नागिरीत रेगे कळणारी माणसं किती? तीन. त्यातला एक तू. बाकीच्या दोघांना तू आदल्या दिवशी जाऊन सांगितलंस. संपली माणसं. नाव झाकून ऐकायची गोष्ट एकदाच ऐकता येते. ती माझी एक वेळ होती, ती तू खाल्लीस."

"तुझ्यासाठीच केलं ना."

"बरं, तू तर होतास ना दुकानात चार सोमवार? तुझं मत काय?"

"मी सुया बघत होतो."

"विश्राम."

"चांगलं होतं रे."

"चांगलं होतं, तर मग त्यांना सांगायला का गेलास?"

त्याने माझ्याकडे बघितलं. बाहेरून एक रिक्षा गेली. तो खाली वाकला, टीव्हीच्या आत हात घातला आणि कुठलीशी वायर चाचपत राहिला. मी बराच वेळ उभा राहिलो. त्याने मान वर केली नाही आणि मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं. निदान मी तसं धरलं. खरंखोटं मला आजही ठाऊक नाही, आणि या एका गोष्टीबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही.

सोमवारी साडेदहाला मी भाऊसाहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो. त्यांनी काही विचारलं नाही. खण उघडला, अर्ज काढला आणि माझ्या हातात दिला. मंगळवारी वडिलांनी डबा भरला. त्या खात्रीशिवाय आग्नेलपुढे बसायची माझी छाती नव्हती. मी त्याला येत नसल्याचं पोस्टकार्ड टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही.

बैठकीला मी परत गेलो नाही. सर दोनदा घरी आले, स्टील पल्सची एक नवी कॅसेट घेऊन. मी चहा दिला, कॅसेट घेतली नाही. अठ्ठ्याण्णव साली चाचा गेले तेव्हा खांदा द्यायला गेलो होतो. विश्राम पलीकडच्या बाजूला होता. त्यानंतर हळूहळू आम्ही रस्त्यात बोलायला लागलो. गाव लहान आहे, किती दिवस तोंड फिरवणार? पाऊस, मुलांच्या शाळा, गुडघेदुखी यांवर बोलायचो. मी अव्वल कारकून होऊन निवृत्त झालो. आमच्यात गाण्याचा विषय निघत नाही.

गेल्या मे महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न होतं. मी पहिल्या पंगतीला बसलो. विश्राम डोक्याला फेटा बांधून, घामाघूम होत, पंगतीतून फिरत होता. माझ्या पानाशी येऊन वाकला. आचारी नवीन केला होता म्हणे, त्याला धाकधूक होती.

"जया, तू तरी खरं सांग हां. जेवण कसं झालंय?"

मी त्याच्याकडे बघितलं. फेट्याखाली केस पार पांढरे झाले होते.

"उत्तम," मी म्हटलं. "नाव ठेवायला जागा नाही."

त्याला बरं वाटलं. तो पुढच्या पानाकडे गेला आणि मी वाटी बाजूला सारली. आमटी खारट झाली होती.